अंगावर कोणतीही खूण नाही

बा,

काल कचेरीत तुझा अंगठा पाहिला. निळ्या शाईचा, जरा तिरपा, मधून आडवी पांढरी रेघ गेलेली. कुदळीच्या दांड्यानं पडलेला घट्टा शाईतही उमटला होता. शेजारी कुणीतरी तुझं नाव लिहिलं होतं, पण ते वाचायच्या आधीच मला कळलं होतं. मी खुर्चीवरून उठले, माठातलं पाणी प्यायले, परत येऊन बसले आणि मग तो कागद वाचला. तू हयात असताना मी तो कधी पाहिला नव्हता. त्यात काय असणार ते मात्र माहीत होतं.

तुला सांगायला हवं, मी बी.ए. झाले. तू गेलास तेव्हा दुसऱ्या वर्षाला होते, ते सगळं पुरं केलं. नंतर काही वर्षं एका शाळेत शिकवलं, आणि आता वर्षभरापासून यवतमाळला कचेरीत जुन्या कागदांच्या खोलीत कारकून आहे. लाल फडक्यात बांधलेले बस्ते सोडायचे, आतला कागद न् कागद पाहायचा, कोणता ठेवायचा आणि कोणता जाळायचा याची यादी करायची, हे माझं काम. आपल्या तालुक्याचा, नागपूरच्या दीक्षेनंतरच्या पहिल्या उन्हाळ्याचा बस्ता काल माझ्या टेबलावर आला. त्यात तुझी जबानी आहे. आणि तिच्या मागे टाचलेला आहे हुलियाचा कागद, म्हणजे अनोळखी प्रेताच्या वर्णनाचा. तो माझ्या अक्षरात आहे. दहा वर्षांत शाई तपकिरी झाली आहे, पण माझा 'ण' तेव्हाही असाच होता. हे दोन्ही कागद जाळायच्या यादीत येतात.

सरकारी दवाखान्यामागे निंबाखाली टिनाची ती खोली होती. मधे दगडी ओटा, कोपऱ्यात फिनाईलचा डबा, भिंतीला टेकवलेली कुदळ आणि फावडं. गावात तिला मुर्दाघर म्हणत आणि तुला मुर्दाघरवाला. रस्त्यात सापडलेलं, विहिरीत पडलेलं, धर्मशाळेत मेलेलं जे कोणी पोलीस आणून टाकत, त्याची राखण तुझ्याकडे, आणि कोणी न्यायला आलं नाही तर मातीही तुझ्याकडे. बेवारस हा शब्द तू कोणाला उच्चारू द्यायचा नाहीस. कंपाउंडर म्हणायचा, "आलं रे एक बेवारस," की तू म्हणायचास, "वारस अजून आला नाई म्हना, साहेब." तो हसून म्हणायचा, "तुहे गिऱ्हाईक बरे हायेत बावा, कधी भांडत नाईत." अनोळखी माणसाला जाळायचं नाही, पुरायचं, असा तुमच्या दवाखान्याचा नियम होता. मी लहान असताना, चुलीपाशी भाकर मोडता मोडता तू तो मला समजावून सांगितला होतास. "जाळलं का मिटलं. पुरलं तं उद्या कोनी हुडकत आलं, त्याले दाखवता येते." म्हणून तू छातीइतकं खोल खणायचास, वर दगड रचायचास, बोरीच्या काट्या घालायचास. त्या माणसाचा काही कपडालत्ता, काठी, पिशवी उरली असेल तर तिचं गाठोडं करून फळीवर ठेवायचास. आणि उचलायच्या आधी तू त्याच्याशी बोलायचास. पुरुष असला तर "चाल भाऊ", बाई असली तर "चाल माय". मलाही तू रोज माय म्हणूनच हाक मारायचास. दुरून ते ऐकू आलं की माझ्या पाठीतून काहीतरी सरकत जाई.

आणखी एक गोष्ट तू स्वतःच ठरवून घेतली होतीस, ती कोणत्याच नियमात नव्हती. बाईच्या प्रेताचं अंग तू उघडून पाहायचा नाहीस. आई होती तोवर ती आत जायची, पदर खोचून, आणि बाहेर येऊन एकेक खूण सांगायची. आई गेल्यावर गल्लीतली दाईबुढी जाऊ लागली. पोलीस जमादार चिडायचा. "मेल्यावर बाई काय अन् बुवा काय रे? पाहा ना तूच." तू म्हणायचास, "तिच्या घरचा कोनी इथं असता तं त्यानं पाहू देलं असतं का?" पुढे कॉलेजात असताना मी कायद्याच्या एका पुस्तकात वाचलं की प्रेत ही कोणाची मालमत्ता नसते, त्यावर फक्त हक्क आणि कर्तव्यं असतात. ज्याच्या छपराखाली ते असतं, त्यानं ते अब्रूनं मातीला पोचवायचं. तुझ्या छपराला भोकं होती, पण हे तुला कोणी शिकवावं लागलं नव्हतं.

नागपूरहून पांढरे कपडे घालून आपण परत आलो आणि वस्तीनं ढोरं ओढणं सोडलं. मग तुझ्यावर बोल आला. थोरला काका आपल्या अंगणात बसून म्हणाला होता, "ढोरं सोडले, अन् तू मुडदे काहून ओढून राह्यला? आमची मान खाली जाते ना."

तू म्हणालास, "ढोर ओढनं बेगार होती, दादा. हे पगाराचं काम हाय. अन् मानूस कोनाच्या ना कोनाच्या हातानं मातीत जायलेच पाह्यजे."

"मंग तुह्याच हातानं काहून?"

"माह्या हाताले जमते म्हनून. तुह्या हाताले गंजिफा जमते."

सगळे हसले. मी हसले नाही, मला काकाचंच पटत होतं. मॅट्रिकची परीक्षा देऊन निकालाची वाट पाहत बसलेली, सभेतली भाषणं ऐकून पेटलेली पोरगी होते मी. माझ्या बापानं त्या खोलीतून बाहेर निघावं असं मला वाटे. त्या वाटण्यात तुझी काळजी किती होती आणि माझी लाज किती, हे मी तेव्हा निवडून पाहिलं नाही.

मग तो मे महिन्यातला दिवस. बोरी अरबच्या रस्त्यावर नाल्याजवळ एक बाई बाभळीखाली मेलेली सापडली. पोलिसांनी सकाळीच गाडीत घालून आणली. फौजदारानं लिहिलं, उन्हाचा झटका, संशय नाही. म्हणून डॉक्टरांनी फाडली नाही, नाडी पाहिल्यासारखं करून सही केली. तशा उन्हात माती दिवसाउजेडीच व्हायला हवी होती. दाईबुढी लेकीच्या बाळंतपणाला गेलेली. जमादाराला लिहायचा कंटाळा. तो म्हणाला म्हणे, "तुही पोरगी शिकेल हाय ना? बलाव तिले. लिवूनही देईन अन् पाहूनही घेईन." तू घरी आलास आणि दारातच उभा राहिलास. मी ज्वारी निवडते आहे. तू टोपी काढून हातात घेतोस, जसा तू फक्त डॉक्टरांसमोर घ्यायचास. "येतेस का, माय? बाईमानूस हाय." तू माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतंस. मी सूप बाजूला ठेवलं आणि आले.

खोलीबाहेर निंबाखाली तू मला एकेक गोष्ट सांगितलीस. कपाळ पाहा, गळा पाहा, कान पाहा. दोन्ही बाह्या वर करून दंड पाहा. गोंदण असलं तर काय गोंदलं ते ध्यानात ठेव. "पाय म्या पाह्यले, जोडवे नाईत. भिऊ नको. ते काई करत नाई. तिले फकस्त कोनीतरी नीट पाह्यलं पाह्यजे." मी आत गेल्यावर तू माझ्यामागे दार ओढून घेतलंस, तिची अब्रू राहावी म्हणून.

आत अंधार नव्हता. टिनाच्या भोकांतून ऊन सळयांसारखं खाली उतरलं होतं. ओट्यावर चादर, चादरीबाहेर आलेला एक हात, कोपरापर्यंत चोळीची बाही. मी दारापासून दोन पावलं गेले आणि डोळे मिटून घेतले. मनात शंभर मोजलं. माशांचा आवाज येत होता आणि मला वाटत होतं की मी मोजायची थांबले की ती बोलेल. शंभर झाल्यावर मी मागे मागे सरकत दाराला पाठ लावली आणि बाहेर आले. तू विचारलंस, "काई?" मी म्हटलं, "काई नाई." जमादारानं लाकडी फळी माझ्या मांडीवर ठेवली. उंची, वर्ण, केस तू सांगितलेस, ते लिहिलं. कपडे, हिरवं लुगडं, पांढरी चोळी. दागिने, नाहीत. गोंदण, नाही. शेवटच्या रकान्यात मी सुवाच्य लिहिलं, 'अंगावर कोणतीही खूण नाही.' पाहणारा म्हणून नाव तुझं होतं, म्हणून अंगठा तू दिलास. जमादार कागद उन्हात धरून म्हणाला, "वा. छापल्यावानी." आणि बा, मला बरं वाटलं.

त्यानंतर महिना होत आला होता. मी तुझी भाकर घेऊन दवाखान्यात आले होते. निंबाखाली एक माणूस बसला होता, तांड्यावरचा बंजारा, चाळिशीचा, डोक्याला लाल मुंडासं, पाय घोट्यापर्यंत धुळीनं पांढरे. तू त्याच्यासमोर उकिडवा बसला होतास, आणि तुमचं बोलणं सुरू झालेलं होतं.

"बायको हुडकून राह्यलो, भाऊ," तो म्हणत होता. "पोरगं गेलं आमचं, गोवरानं. तवापासून तिचं मन थाऱ्यावर नोतं. चुडा काढून फेकला, घागरा फेकला, कोनाचं तरी लुगडं नेसून रस्त्यानं हिंडे. दोन डाव घरी आनली, दोन्ही डाव गेली."

"मंग दवंडी नाई आयकली? पोलिसायनं बोरीच्या बजारात देलती."

"आयकली ना. उभाच होतो मी, मिठाच्या दुकानापाशी. हिरवं लुगडं म्हनलं तवा काळजात धस झालं. मंग तो म्हने, अंगावर खूण नाई. मी म्हनलं, ते माही नोहे. तिच्या दंडाले कवडी हाय, पोराच्या गळ्यातली. काळ्या धाग्यात बांधेल. मलेही हात लावू देत नोती. मंग कळंबले गेलो, गनपतीच्या देवळापाशी जेवाले बसतेत त्या रांगेत पाह्यलं. एकेकीचं तोंड पाह्यलं. मंग तिकून यवतमाळले."

मी भाकरीचं फडकं घेऊन उभी आहे. तुमचं दोघांचंही माझ्याकडे लक्ष नाही.

तू विचारलंस, "तिचा पाय कसा होता, बावा?"

"डाव्या पायाची करंगळी बाजूच्या बोटावर चढेल. आमी हसो तिले."

तू जमिनीवरची एक काडी उचललीस आणि तिचे दोन तुकडे केलेस. तिचे पाय तूच सुतळीनं बांधले होतेस. मग तू म्हणालास, "ते इथंच हाय. नाल्यापल्याड."

"पुरली?"

"पुरली."

तो माणूस रडला नाही. मुंडासं सोडून मांडीवर घेतलं आणि त्याच्या घड्या घालू लागला. "आमच्यात बिनलग्नाच्याले मातीत घालतेत, भाऊ. लगीन झालं त्याले आग द्या लागते. तुम्ही तिले कुवारी करून टाकली." हे त्यानं रागानं म्हटलं नव्हतं. समोरच्याला माहीत नाही म्हणून सांगावं, तसं सांगितलं होतं. "मले काढून द्या. मी जाळतो."

पण एकदा पुरलेलं माणूस मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाशिवाय उकरता येत नाही, हे तुला पाठ होतं. तू त्याला तहसिलीत अर्ज करायला नेलंस. तिथं कागद काढला, आणि कागद म्हणाला की ह्या बाईच्या अंगावर कवडी नव्हती. करंगळीचं कागदात काहीच नव्हतं. तेव्हा ही त्याची बायको नव्हे, हुकुमाचं कारण नाही. जमादारानं तुला बाजूला घेऊन समजावलं. हे मला तूच त्या रात्री सांगितलंस, त्याची नक्कल करत, मला हसवायला. "सरळ हाय ना बावा. कवडी नाई म्हनजे बायको नाई. अन् तू म्हनशील होती, तं मंग गेली कुठं? हात कोनाचा लागला होता? चोरीचं लफडं होईन तुह्यावर." कागदाला चिकटून राहिलास तर तुझं काही बिघडत नव्हतं. तो माणूस आणखी चार गावं फिरला असता, आणि मग घरी गेला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीत फुंकर घालते आहे. तू माझ्यामागे उभा राहिलास.

"माय, बाही वर केली होती ना तू?"

"हो."

"दोन्ही?"

"दोन्ही."

मी वळले नाही. धुरानं डोळ्यांत पाणी येत होतं, ते बरं होतं. मग तू "बरं" म्हणालास, आणि तुझ्या वहाणांचा आवाज अंगणातून रस्त्याला लागला.

तू पुढे काय सांगितलंस ते मी काल वाचलं. 'सदर बाईच्या प्रेताच्या बाह्या मी वर करून पाहिल्या नाहीत व कोणाकडून पाहूनही घेतल्या नाहीत. न पाहता खूण नाही असे मी तोंडी सांगितले व तसे लिहिले गेले. लिहिणाऱ्याचा काही दोष नाही. निष्काळजीपणा माझा आहे.' कारकुनाची भाषा आहे, पण मला ती तुझ्या आवाजात ऐकू आली. लिहिणारी कोण होती, मुलगी होती, तुझी होती, यातलं काही तू येऊ दिलं नाहीस. माझा मॅट्रिकचा निकाल चार दिवसांवर होता. पोरीचं नाव पोलिसांच्या कागदावर नको, असं तू दाईबुढीला म्हणाला होतास. ते तिनं मला फार उशिरा सांगितलं.

हुकूम आला. मी गेले नाही. दाईबुढी गेली होती, बाईमाणसाचं प्रेत म्हणून तू तिला मुद्दाम बोलावलं होतंस. ती घरी येऊन माझ्याशेजारी बसली आणि तिनं न विचारता सांगितलं. "तुह्या बापानं शेवटची माती हातानं काढली, फावडं लावू देलं नाई कोनाले. नायब साहेब नाकाले रुमाल लावून दूर उभा. मंग म्या बाही वर केली. होती गं. काळा धागा, त्यात कवडी. जशीच्या तशी." नाल्याच्या काठी त्या माणसानं तिला आग दिली. लाकडं तू गोळा केलीस. आपल्या दारातून त्या दिशेचा धूर दिसत होता, आणि मी दार लावून घेतलं.

संध्याकाळी तू विहिरीवर आंघोळ करून आलास. मी ताट वाढलं. तू म्हणालास, "भेटली त्याले त्याची बायको." मग सावकाश जेवलास. हात धुताना माझ्याकडे न पाहता म्हणालास, "जित्या मानसाशी खोटं बोललं तं तो भांडते, माय. तिले बोलता येत नोतं." एवढंच. त्यानंतर तू तो विषय कधी काढला नाहीस. जन्मभरात तू मला एवढंच रागावलास, आणि तेही इतक्या हळू की शेजारच्या घरात ऐकू गेलं नसेल. मी त्याच वेळी पाय धरून सगळं सांगायला हवं होतं. मी ताट उचललं आणि घासायला घेतलं.

मी पास झाले. तुला कामावरून काढलं. काका म्हणाला, बरं झालं, सुटला. वस्तीत कोणाला वाईट वाटलं नाही, आणि मी कॉलेजात गेले म्हणून सगळ्यांनी साखर वाटली. तू कापसाच्या जिनात सरकी उचलायला जाऊ लागलास. रुईचा भुगा तुझ्या भुवयांवर बसलेला असे. सुट्टीत मी आले की तू विचारायचास, कोनतं पुस्तक, काय लिवलं हाय त्यात. एकदा तू दवाखान्यावरून जाताना थांबलास आणि खोलीच्या दाराकडे पाहत म्हणालास, "नवा पोरगा खोल खनत नाई म्हन्तेत." ती तुझी एकच तक्रार मी ऐकली. दुसऱ्या हिवाळ्यात खोकला छातीत उतरला आणि तू गेलास. मी बसमधून उतरले तेव्हा सगळे माझ्यासाठी थांबले होते. एक भांडण चाललं होतं. जुन्या रीतीनं आपल्यात पुरायचे, नव्या रीतीत काय करायचं ते कोणाला नीट माहीत नव्हतं. कोणी म्हणे जाळा, कोणी म्हणे पुरा. काका माझ्याकडे वळून म्हणाला, "तू शिकेल हायस. तू सांग, बाई. तुहाच हक हाय." मी 'पुरा' म्हटलं. का, ते विचारलं नाही कोणी. मी स्वतः पुढे होऊन पाहिलं, आणि आणखी हातभर खोल खणायला लावलं.

बा, मी त्या बाईला पाहिलं नाही म्हणून तिला चेहरा नाही, आणि म्हणून ती कोणाचाही घेते. बसमध्ये दांडा धरून उभ्या राहिलेल्या बाईची बाही खाली घसरते आणि मी दंडाकडे पाहते. वर्गात मुली उत्तरासाठी हात वर करायच्या, तेव्हा मला प्रश्न आठवायचा नाही. लुगड्याच्या दुकानात हिरवा रंग पुढे आला की मी दुसरं दाखवा म्हणते. कधी दुपारी कचेरीत सामसूम असते, बस्त्यांच्या धुळीत ऊन सळईसारखं उभं राहतं, आणि माझ्यामागे कोणीतरी दार ओढून घेतल्यासारखं होतं. मी मागे पाहत नाही. शंभर मोजते. कामावर कोणाला काही कळत नाही. माझं अक्षर अजून चांगलं आहे.

काल मी हेडक्लार्कना विचारलं, कोणाचं नाव न घेता, की जुन्या जबानीत खोटं निघालं, आणि सांगणारा मेलेला असला, तर खरं माहीत असणाऱ्यानं काय करायचं. ते पान चघळत म्हणाले, "अर्ज देता येते. जबाब होते, चौकशी होते, शेरा पडते. पण कायले, बाई? कागद मेला की त्यालेही गाडायचं असते. उगाच उकरू नये." मग चष्म्यावरून पाहून म्हणाले, "तुमचा कायम करायचा कागद साहेबांच्या टेबलावर गेला हाय, माहीत हाय ना? चौकशीबिवकशी आता काही नको." चांगले गृहस्थ आहेत. माझ्या भल्याचंच सांगत होते.

तरी मी घरी येऊन अर्ज लिहिला. माझ्याच अक्षरात, दहा वर्षांपूर्वी लिहिलं तसं रकान्यारकान्यानं. बाई मी पाहिली नाही. बापाला पाहिली म्हणून सांगितलं. त्यानं दुसऱ्यांदा विचारलं तेव्हाही तेच सांगितलं. त्याची जबानी खोटी आहे आणि ती त्यानं माझ्यासाठी दिली. सरकारदरबारी तुझ्याबद्दल शेवटचा शब्द 'निष्काळजी' एवढाच आहे, आणि हा बस्ता जळाला की तो खोडायलाही काही उरणार नाही. ज्यानं नाल्याकाठी बायकोला आग दिली तो माणूस अजून त्याच तांड्यावर असेल. त्याला वाटत असेल की दवाखान्यातल्या त्या माणसानं आपली बायको धड पाहिली नाही. तू एकटाच होतास ज्यानं तिला धड पाहिलं, पायाच्या करंगळीपर्यंत.

अर्ज टेबलावर आहे. बस्ता शनिवारी जाणार. सकाळपासून मी स्वतःला सांगते आहे की हा अर्ज दिला तर तू सरकारपुढे खोटं बोललास असं ठरेल, तुझी अब्रू जाईल, आणि तुझ्या अब्रूसाठी मी थांबले आहे. हे वाक्य मला इतकं पटलं की ते तुलाही लिहावं म्हणून हा कागद घेतला. लिहायला लागले आणि ते लिहिता येईना. तुझ्या अब्रूचा यात काही संबंध नाही, बा. पुढच्या महिन्यात माझी नोकरी कायम व्हायची आहे.